लवाद कोणी नेमायचा?

(दृश्य: मंगळगिरीचा डोंगर, पायथ्याशी एम्सच्या इमारती)

आंध्र प्रदेशात गुंटूरजवळची ही मंगळगिरी. या एम्सच्या नियोजनासाठी आणि आराखड्यांसाठी मे 2017 मध्ये एचएससीसी या सरकारी कंपनीने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वतीने प्रस्ताव मागवले. काम मिळाले दोन कंपन्यांच्या गटाला. एक न्यूयॉर्कची पर्किन्स ईस्टमन, वास्तुविशारदांची. दुसरी मुंबईत कार्यालय असलेली एडिफिस कन्सल्टंट्स. फी ठरली 15.63 कोटी रुपये.

पुढे बिनसले आणि करार संपवल्याची नोटीस निघाली. चूक कोणाची, हे ठरवायचे काम लवादाचे, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाचे. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

(दृश्य: कराराचे पान. कॅमेरा कलम 24 वर थांबतो)

हे कलम सावकाश वाचा. वाद झाला तर एकच लवाद असेल आणि त्याला नेमतील एचएससीसीचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. पुढची ओळ आणखी घट्ट आहे: त्यांनी नेमलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणीही लवाद म्हणून काम करायचे नाही.

सरकारी निविदा भरणाऱ्यांना अशी कलमे ओळखीची आहेत. अटी छापूनच येतात, काम हवे तर सही करायची. पण शेताच्या बांधावरून भांडण झाले तरी पंच दोन्ही घरांना चालेल असाच बघतात. इथे तर ज्याच्याशी भांडण, त्याच्याच हातात पंचाची निवड.

28 जून 2019 ला गटाने लवादाची नोटीस दिली. 30 जुलैला एचएससीसीकडून नेमणुकीचे पत्र निघाले. कलमात लिहिल्याप्रमाणेच, एकतर्फी.

(दृश्य: नवी दिल्ली, टिळक मार्ग. सर्वोच्च न्यायालयाचा घुमट)

गट थेट इथे आला, कारण लवाद कायद्यातील कलम 11. देशातल्या दोन पक्षांचा वाद असेल तर लवाद नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जायचे. एक पक्ष परदेशी असेल तर सर्वोच्च न्यायालयात. एचएससीसीचे म्हणणे होते, हा वाद आंतरराष्ट्रीय नाहीच. न्यायालयाने पाहिले की गटाची प्रमुख सदस्य पर्किन्स आहे आणि तिची नोंदणी न्यूयॉर्कची. दार उघडले.

(दृश्य: निकालपत्राची पाने, एकामागून एक)

पीठ होते न्या. उदय उमेश ललित आणि न्या. इंदू मल्होत्रा यांचे. न्या. ललित यांच्या वकिलीची सुरुवात मुंबई उच्च न्यायालयातली. 2022 मध्ये ते सरन्यायाधीश झाले.

2015 च्या दुरुस्तीने कायद्यात सातवी अनुसूची आली. पक्षाचा नोकर, सल्लागार, त्याच्याशी धंद्याचा संबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही. 2017 मध्ये टीआरएफ विरुद्ध एनर्गो या प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे गेले: ज्याला स्वतः लवाद होता येत नाही, त्याने दुसऱ्यालाही नेमायचे नाही. पण तिथल्या कलमात व्यवस्थापकीय संचालक स्वतःच लवाद होऊ शकत होते. एचएससीसीचे संचालक फक्त नेमणूक करणार होते. मग त्यांना हा नियम लागू होतो का?

(दृश्य: अधोरेखित परिच्छेद)

होतो, असे न्यायालय म्हणाले. वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे, त्याच्या हाती एकट्याने एकमेव लवाद नेमण्याची सत्ता देता येणार नाही. दोन्ही बाजू आपापला एकेक लवाद नेमतात तेव्हा पारडी समान राहतात. इथे एकच पारडे होते. मला हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते, कारण छापील अटींवर सही करणाऱ्या प्रत्येकाची बाजू त्यात आहे.

26 नोव्हेंबर 2019. आधीची नेमणूक रद्द. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री एकमेव लवाद.

(दृश्य: सहाव्या अनुसूचीतला कोरा नमुना)

न्यायालयाने नेमलेल्या लवादालाही आपले हितसंबंध लेखी उघड करावे लागतात. हा तो कागद. इथे पक्षांशी असलेला संबंध लिहायचा, इथे हातात लवादाची किती प्रकरणे चालू आहेत ते लिहायचे, आणि खाली सही.

(दृश्य: पुन्हा मंगळगिरी, बाह्यरुग्ण विभागाची रांग)

8 नोव्हेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सरकारी करारांतली अशी एकतर्फी कलमे समानतेच्या तत्त्वात बसत नाहीत, असा निकाल दिला. एम्सचे लोकार्पण त्याआधी, 25 फेब्रुवारी 2024 ला झाले होते.

(निवेदन थांबते. रांग पुढे सरकत राहते)