बंदूक बसू दे

[दृश्य: ठाणे. मे महिना, सकाळचे साडेनऊ. रिक्षा थांबते. खांद्यावर लांब बॅग घेतलेली मुलगी उतरते.]

ठाण्यात मे महिन्यातली सकाळ नावालाच सकाळ असते. साडेनऊलाच शर्ट अंगाला चिकटतो. कळव्याहून रिक्षाने आलेली ही १४ वर्षांची मुलगी बॅग सावरत जिना चढते, काचेचं दार ढकलते आणि एकदम थंड हवेत शिरते. बाहेर ३६ अंश, आत २४.

जॅकेट चढवून ती उभी राहते. स्प्रिंगच्या एअर रायफलची नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरते. एकामागोमाग पाच शॉट.

[दृश्य: लक्ष्याचं कार्ड, अगदी जवळून.]

हे कार्ड नीट बघा. पाचही छिद्रं एकमेकांत घुसलेली, एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. हात स्थिर आहे, ट्रिगर स्वच्छ सुटलाय. पण अख्खा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, मध्याच्या वर बसलाय. गेल्या आठवड्यात साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, अशीच लावलेली असताना छर्रे मधोमध पडत होते. मुलीचा चेहरा उतरतो आणि बोटं साइटच्या नॉबकडे जातात.

मागून प्रशिक्षक ताईंचा आवाज येतो, "हात लावू नकोस गं. तुझी बंदूक अजून रिक्षातच आहे. बसू दे तिला." म्हणजे बंदूक अजून बाहेरच्या उन्हाने तापलेली आहे, ती हॉलच्या हवेला येऊ दे.

दहा मीटरवर चालणाऱ्या एअर रायफल नेमबाजीच्या या खेळात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट जाड. छर्रा ठिपक्याला शिवला की दहा. पण आता दहाचेही दहा भाग पडतात, १०.० पासून १०.९ पर्यंत, आणि प्रत्येक भाग पाव मिलिमीटरचा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने, दिव्यांश पंवारने आणि ऐश्वर्य तोमरने मिळून १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. तिघांचे मिळून १८० शॉट आणि सरासरी साडेदहाच्या थोडी वर. म्हणजे छर्रा केंद्रापासून सरासरी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरवर. आपल्या कळवा-मुंब्रा-पनवेलच्या मुलांना याच मापाने मोजलं जातं.

आता छर्‍याकडे येऊ. स्पर्धेच्या रायफलीतून तो सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात आणि तेवढ्या वेळात तो जवळपास १७ मिलिमीटर खाली येतो. साइट लावताना हे पडणं आपण गृहीत धरलेलं असतं. वेग फक्त तीन मीटरने बदलला, तर छर्रा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त वर किंवा खाली लागतो. चहाच्या टपरीवर कुणी म्हणेल, एवढ्याशाने काय होतंय? होतं. १०.९ चा शॉट १०.७ होतो. साठ शॉटमध्ये हे साचत गेलं, तर फायनल हातची जाते.

तापमान या वेगाला कुठून हात घालतं, ते बंदुकीवर अवलंबून आहे.

स्प्रिंगची रायफल सगळ्यात लहरी. तिच्यात पिस्टन धावतो, तो हवा दाबतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. पिस्टनभोवती ग्रीस असतं, पुढे सील असतं. थंडीत ग्रीस दाटतं, पिस्टन जड होतो, वेग उतरतो. उन्हातून आलेल्या बंदुकीत तेच ग्रीस पातळ होऊन पसरतं. कुणी हौसेने जास्त तेल सोडलं असेल, तर दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं. त्याला डिझेलिंग म्हणतात. मग प्रत्येक शॉटचा वेग वेगळा. शिवाय प्रत्येक बंदुकीची सवय निराळी, एकीचे शॉट वर जातात, दुसरीचे खाली. आपल्याकडे नव्याने शिकणारी बहुतेक मुलं हीच बंदूक हातात घेतात. सगळ्यात लहरी बंदूक सगळ्यात नवख्या हातात जाते, आणि शॉट सरकला की दोष हाताला मिळतो.

हे मी मनापासून बोलतोय. मी नवी मुंबईत पत्र्याच्या शेडमध्ये शिकलो. सकाळी लावलेली साइट दुपारी पत्रा तापला की चुकायची. "तुझं लक्ष नाही," एवढंच ऐकायला मिळायचं. दोन महिने मी माझ्या हातालाच दोष देत होतो. बंदुकीला थर्मामीटर लावून बघ, असं एकानेही सांगितलं नाही.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकांचं गणित तर आपल्या हवेत जमतच नाही. सिलेंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब फक्त तापमान ठरवतं. १० अंशांवर सुमारे ४५ बार (बार हे दाबाचं माप), २० वर ५७, ३० वर ७२. आणि ३१ अंशांच्या पुढे द्रव हा प्रकारच उरत नाही. ठाण्यातला मे महिना या रेषेच्या पलीकडचा आहे. एकेकाळी स्पर्धांमध्येही या बंदुका होत्या, पुढे सगळे दाबलेल्या हवेवर आले. त्याचं एक कारण हेच.

[दृश्य: सिलेंडरचा दाबमापक. काटा १९० वर.]

दाबलेल्या हवेची रायफल या सगळ्यात शहाणी. सिलेंडरमध्ये २०० बार, पण मध्ये रेग्युलेटर बसवलेला. तो प्रत्येक शॉटला ठरलेल्याच दाबाची हवा देतो. तरी घोळ होतोच, आणि तो बहुतेक वेळा पालकांच्या लक्षात येतो. "ताई, सिलेंडर लीक आहे का? रात्री २०० भरला होता, सकाळी १९०!" गळती नसते हो. भरताना सिलेंडर तापतो. ४० अंशांवर २०० दाखवणारा काटा २५ अंशांवर १९० लाच येतो. हवा तेवढीच आहे, फक्त निवली आहे. उलटंही तसंच. एसी हॉलमध्ये २०० भरून सिलेंडर उन्हात उभ्या गाडीत टाकला आणि गाडी ५० अंशांना पोहोचली, तर आतला दाब २१७ होतो. सिलेंडरवर कमाल तापमान आणि वापराची मुदत दिलेली असते. ती वाचा. गाडीच्या डिकीत सिलेंडर सोडून जेवायला जाऊ नका, कृपा करून.

छर्रा आणि नळी तापून फुगतात ना, असंही मुलं विचारतात. फुगतात, पण किती? छर्रे डोक्याच्या मापाने विकले जातात, ४.४९, ४.५०, ४.५१, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने. दहा अंशांनी शिसं फुगतं ते या एका पायरीच्याही आठव्या भागाएवढं. त्याची चिंता सोडा.

चिंता करायची ती दमट हवेची. जुलैत एसी हॉलमधून बाहेरच्या पॅसेजमध्ये साइट आणली की तिच्या काचेवर लगेच धुकं धरतं. नेमबाजाच्या चष्म्यावरही. बनियनच्या टोकाने पुसलं तर काचेवर ओरखडा. चार-पाच मिनिटं थांबलं की ती आपोआप स्वच्छ होते.

आणि जॅकेट. कॅनव्हास आणि चामड्याचं हे जॅकेट आपल्या घामाने, दमटपणाने मऊ पडतं. स्पर्धेआधी त्याचा कडकपणा यंत्राने तपासतात, कापड किमान ३ मिलिमीटर दबलं पाहिजे. ठाण्यात आरामात पास होणारं जॅकेट डिसेंबरात भोपाळच्या कोरड्या थंडीत ताठ होतं आणि तपासणीच्या टेबलावर अडकतं. जॅकेटात शिरणाऱ्या मुलाच्या शरीराची गोष्ट तर वेगळीच. एवढ्या थरांखाली उकडलं की नाडी वाढते, आणि प्रत्येक ठोक्याला फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकाची साइट, हलते. बंदुकीतला अर्धा मिलिमीटर त्यापुढे काहीच नाही.

[दृश्य: पुन्हा रेंज. रायफल स्टँडवर आडवी. भिंतीवरचं घड्याळ.]

अर्धा तास झाला. बॅग उघडी आहे, रायफल हॉलच्या हवेत पडून आहे. मुलीने या वेळात छर्रा न भरता नुसताच नेम धरला, पाणी प्यायली, घाम पुसला. आता ती पुन्हा उभी राहते. पहिले दोन छर्रे मागच्या भिंतीकडे, नळी जागी करायला. मग नवं कार्ड, पाच शॉट.

ताई कार्ड उजेडाला धरतात. पाच छिद्रं, तशीच एकमेकांत घुसलेली. या वेळी मध्यात.

मुलगी वही काढते. डाव्या बाजूला तारीख लिहिते आणि पुढे, पेन्सिलने: "बाहेर ३६. हॉल २४. आल्या आल्या ग्रुप वर. अर्ध्या तासाने मध्यात. साइट हलवली नाही."