एचटी की एलटी? राजदूत 350 ओळखायची कशी

[दृश्य: धुळे, पारोळा रोडवरचं गॅरेज. दोन राजदूत 350 शेजारी शेजारी, स्टँडवर.]

निवेदन:
टाकी सारखी, साइड पॅनल सारखे. दोघांचेही मालक सांगतात, "एचटी शे, भाऊ." यातली एकच एचटी आहे.

राजदूत 350 म्हणजे यामाहाच्या आरडी 350 ची भारतीय बहीण. एस्कॉर्ट्सनं ती 1983 मध्ये आणली. मूळ आरडीला 39 अश्वशक्ती आणि पुढं डिस्क ब्रेक होता. इथं डिस्क गेली, ड्रम आला आणि ताकद दोनदा उतरली. आधी हाय टॉर्क, म्हणजे एचटी: 30.5 अश्वशक्ती. मग लो टॉर्क, एलटी: 27. सिलिंडर दोन, 347 सीसी, बोअर 64 मिलिमीटर, स्ट्रोक 54, गिअर सहा, हे दोन्हींत तेच. गाडी पेट्रोल फार पिते, ही गिऱ्हाइकाची ओरड होती. एलटी हे त्यावरचं उत्तर. गिऱ्हाइकाला ते पटलं नाहीच.

[दृश्य: क्लोजअप. बेंड पाइपचे दोन नट सुटतात, पाइप खाली येतो. टॉर्चचा उजेड एक्झॉस्ट पोर्टमध्ये.]

फरक स्टिकरवर नसतो, इथं असतो. एलटीत एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर जायची वाट, आवळलेली आहे. म्हणून पाइप उतरवल्याशिवाय सौदा करू नका. आत बघताना दोन्ही सिलिंडर ब्लॉकचे पोर्ट एकमेकांशी ताडून पाहा. एकाची कड गोलसर आणि दुसऱ्याची धारदार, किंवा एक किंचित तिरका दिसला, तर ग्राइंडर फिरवून एलटीची "एचटी" केलेली आहे. पोर्ट नको इतका रुंद झाला की पिस्टनची रिंग त्या खिडकीत बाहेर फुगते, कडेला अडकते आणि तुटते. तुटलेला तुकडा मग ब्लॉकवर उभ्या रेघा ओढतो.

चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवा. पेन्सिलनं कागदावर छाप घ्या, नुसत्या नजरेवर भिस्त नको.

[दृश्य: जळगावचा रस्ता, मे महिना, दुपार. मग धुळ्याची डिसेंबरातली पहाट, तोंडाची वाफ.]

खानदेशात या गाडीचा खरा घात हवामान करतं. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. तापलेली हवा विरळ, त्यामुळे त्याच जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि गाडी जड ओढते. मालक वैतागून मेन जेट एक नंबर लहान टाकतो. गाडी हलकी होते, सगळे खूश. डिसेंबरात धुळ्याचा पारा दहाच्या खाली येतो, हवा दाट होते, पेट्रोल कमी पडतं आणि हायवेवर चौथ्या-पाचव्या गिअरला पिस्टन चिकटतो. दोष पिस्टनच्या कंपनीला! उन्हाळ्यात जेट बदललाच असेल, तर दिवाळीच्या सुमारास जुना परत बसवा. प्लग काढून पाहा: भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग असेल तर ठीक. ओला काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर गाडी तिथंच थांबवा.

दोन्ही प्लगचा रंग वेगळा दिसला तर आधी सीबी पॉइंट, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे संपर्क, बघा. प्रत्येक सिलिंडरचा पॉइंट वेगळा, टायमिंगही वेगळं. गॅप 0.3 ते 0.4 मिलिमीटर. मूळ आरडीचं टायमिंग पिस्टन वर पोचण्याआधी 2 मिलिमीटर. प्लगच्या भोकात डायल गेज लावून ते मोजायचं. कानानं लावलेलं टायमिंग एका बाजूला हमखास चुकतं.

[दृश्य: सायलेन्सरमधून पांढरा धूर.]

असा दाट पांढरा धूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होणं, म्हणजे क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) उजवं, क्लचकडचं सील गेलं. डावं सील गेलं तर धूर नाही. गाडी उभ्या उभ्याच वर रेस घेते, कारण सीलमधून हवा ओढली जाते. हे जास्त वाईट.

इंजिनला ऑइल पुरवणारा पंप बंद करून टाकीतल्या पेट्रोलमध्ये टू टी, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनचं, ऑइल मिसळायची सवय बऱ्याच जणांना आहे. लिटरला 30 ते 40 मिली. पंपही चालू आणि टाकीतही ऑइल, असं मात्र करू नका, सायलेन्सर तुंबतो.

[दृश्य: कन्नड घाट. चाळीसगावच्या दिशेनं उतार.]

पुढच्या ड्रममध्ये दोन्ही लायनर चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं चावतात. दोन्ही लायनरचे आर्म जोडणारी बाहेरची जोडदांडी बरोबर लावली तरच दोन्ही एकाच वेळी टेकतात. दांडी चुकली की एकच लायनर काम करतो आणि ब्रेक निम्मा राहतो. लीव्हर दाबून धरा आणि दोन्ही आर्म एकदम हलतात का ते पाहा.

घाटात ड्रम तापतो, ब्रेक ढिला पडतो. टू स्ट्रोकला इंजिनचा ब्रेकही कमीच. त्यात थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी उतरवली की इंजिन जोरात फिरतं, पण त्याला ऑइल जेमतेमच मिळतं. म्हणून दर वळणाला थ्रॉटल क्षणभर उघडायचा आणि बंद करायचा.

[दृश्य: वळण. थ्रॉटलचा छोटा आवाज, निळसर धुराची एक फुंकर.]