मुलांच्या वाट्याचे नाशिक

मंडळाच्या बंधुभगिनींनो,

इथे परदेशात आपल्या मुलांच्या शाळा जूनमध्ये सुटतात आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा भरतात. त्यामुळे आपण जिला उन्हाळ्याची सुट्टी म्हणतो, ती नाशिकला पोचते तेव्हा गच्चीवरच्या कुरडया डब्यांत गेलेल्या असतात आणि ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले असतात. आपल्या आठवणी वैशाखातल्या असतात, मुलांच्या वाट्याला मात्र आषाढ-श्रावण येतो. शिवाय विमानाच्या तिकिटांतच इतका पैसा जातो की तिथे गेल्यावर हात आखडता घ्यावा लागतो, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून थोडक्या खर्चात मुलांना नाशिक कसे दाखवावे, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

याला एक कारण घडले. आपल्या मराठी शाळेत बाईंनी एका लहान मुलीला विचारले, ‘नाशिकला गेल्यावर तू काय करतेस?’ ती म्हणाली, ‘आम्ही सगळ्यांच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतो.’ तिच्या स्वरात तक्रार नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचे तिने खरे उत्तर दिले होते, आणि म्हणूनच ते मला फार लागले. नातेवाइकांच्या भेटी, बँकेची कामे, सराफाकडची खरेदी यांत आपण सुट्टी संपवतो आणि मुले कंटाळली की त्यांना मॉलमध्ये नेतो, जो त्यांनी इथे याहून मोठा पाहिलेला असतो. हे आपण थांबवले पाहिजे.

मुलांना आधी गोदाघाटावर न्या. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की सारे शहर एकच प्रश्न विचारते: पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत, यावरून नाशिककर पुराचा अंदाज करतात. नारोशंकराच्या देवळाची घंटा, जी वसईच्या विजयाची आठवण सांगते, तिच्यापर्यंत पाणी पोचले की महापूर समजायचा. मुलाला एक वही द्यावी, मारुतीचे चित्र काढायला सांगावे आणि रोज सकाळी आजोबांबरोबर जाऊन किंवा वर्तमानपत्रात पाहून त्यावर पाण्याची रेघ मारायला लावावी. नदी वाढते आणि उतरते म्हणजे काय, हे त्याला या वहीतून आठवडाभरात समजेल. मात्र पूर पुलावरून किंवा उंचावरून, मोठ्या माणसाचा हात धरूनच पाहायचा असतो. सोमेश्वरच्या धबधब्याशी फोटोसाठी खडकांवर उतरणाऱ्या आईवडिलांना मी कळकळीने सांगतो की तसे करू नका. वरून पाणी सुटले तर सावरायला वेळ मिळत नाही.

पाऊस उघडला की पांडवलेणी. शहरापासून सुमारे ८ किलोमीटर, मुंबईच्या रस्त्याला. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा घाई नको, आणि २४ लेण्यांतून मुलांना ओढत नेण्याचेही कारण नाही. तिसऱ्या लेण्यापाशी बसावे. ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे यक्ष किती आहेत, ते मुलांनाच मोजू द्यावे. ओसरीच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या दिवंगत मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम या आईने नातवाच्या कारकिर्दीत दगडावर कोरवून घेतला. ब्राह्मी लिपीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा दिसतो, एवढे सांगून मुलांना त्या ओळींत ‘क’ शोधायला लावा. ज्या मुलांना मराठी वाचायला बसवताना आपली दमछाक होते, ती मुले हे काम आपणहून करतील. बरोबर आजी असली, तर तो लेख एका आजीने लिहवून घेतला आहे, हे तिच्याच तोंडून ऐकवावे.

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पाहायला जाताना खासगी गाडी करू नका, एसटीने जा. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे, महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील आजोबांचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. खिडकीची जागा, कंडक्टरचे तिकीट, सिन्नरच्या स्थानकावरचा वडापाव, एवढ्यावर मुलांचा एक दिवस आनंदात जातो.

आणि ज्या दिवशी पाऊस बाहेर पडूच देत नाही, त्या दिवशी खडूने पट आखून चिंचोक्यांचा अष्टाचंगा मांडावा. भेटीगाठी मी टाळायला सांगत नाही. पण मावशीकडे गेल्यावर मुलांना सोफ्यावर न बसवता तिच्या स्वयंपाकघरात पाठवावे, कणसे सोलायला द्यावीत, नागपंचमी असेल तर पुरणाची दिंडे करू द्यावीत. मोडकीतोडकी का होईना, ती मावशीशी मराठीतच बोलतील, कारण हाताला काम असले की शब्दांची भीती कमी होते.

हे सारे मी सांगतो आहे ते आजी-आजोबांच्या भरवशावर, आणि तिथेच माझे मन अडते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता घाटाच्या पायऱ्या उतरू शकत नाहीत. काहींची घरे विकली गेली आहेत, आणि पुढच्या वर्षीपासून हॉटेलातच उतरू, असे बेत मी आपल्याच बैठकांत ऐकतो. अशा मुलांना घाटावर कोण नेणार? आपण स्वतः नेऊ शकतो. पण तीन आठवड्यांच्या रजेत, डोक्यावर कामांची यादी घेऊन गेलेल्या माणसांना नदीकाठी तासभर नुसते उभे राहणे जमेल का, आणि न जमल्यास ही मुले मोठी झाल्यावर कोणत्या ओढीने नाशिकचे तिकीट काढतील, हा प्रश्न मी आपणा सर्वांपुढे ठेवतो.