पाऊस मोजा, मग हवामानबदलावर बोलू

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘हवामानबदल: कारणे, परिणाम आणि उपाय’. तिन्हींवर बोलणार आहे. पण त्याआधी मला सांगा, गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावात पाऊस किती पडला? मागून आवाज आला, ‘लई!’ पुढच्या रांगेतले आबा म्हणतायत, ‘सरासरीएवढा झाला.’ आबा, सरासरी कुठली? जिल्ह्याची? आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाट उतरून वाईला आलो की हजारही भरत नाही. आणि म्हसवड-दहिवडीकडं पाचशेची मारामार. या सगळ्यांची सरासरी काढून ती कुणाच्या रानाला लागू करायची?

आता दोन वर्षं डोळ्यांसमोर आणा. एका वर्षी पाचशे मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला. भुरभुर, झड, उघडीप, पुन्हा झड. दुसऱ्या वर्षीही पाचशेच, पण बारा दिवसांत आणि मध्ये तीन-तीन आठवडे कोरडे. अहवालात दोन्ही वर्षांपुढे एकच शेरा येतो: पाऊस समाधानकारक. पहिल्या वर्षी बाजरी झाली, मटकी झाली, विहिरीला पाझर आला. दुसऱ्या वर्षी पेरलेलं करपलं, उरलेलं वाहून गेलं, बांध फुटले. माझ्या मते आपल्याकडचा हवामानबदल या दोन वर्षांच्या फरकात आहे. ज्या गावानं रोजचा पाऊस लिहून ठेवलेला नाही, त्याला तो फरक दाखवता येत नाही.

रोजचा पाऊस, आणि आपल्या ठिकाणचा. मुंबईचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३. एकच शहर, एकच दिवस. नुसता कुलाब्याचा आकडा वाचणाऱ्याला त्या दिवशी मुंबईत माणसं बुडाली हे खरं वाटलं नसतं.

जरा विषयांतर करतो. पाऊस मोजणं ही साहेबानं शिकवलेली गोष्ट आहे असा आपला समज असतो. हवामान खातं १८७५ सालचं, हे खरं. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय. कुठल्या प्रदेशात किती पडतो, त्याचे आकडेही द्रोण या जुन्या मापात दिलेत. अपरांत म्हणजे आपलं कोकण. त्याच्यापुढं आकडा नाही, ‘अमित’ म्हणजे अमाप म्हटलंय! ज्याला पेरणीचं नियोजन करायचं होतं आणि सारा ठरवायचा होता, त्या राज्यानं आधी पाऊस मोजला.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. मी भूगोल शिकवायचो ते गाव कोरेगावच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत आहे. वाघ्या घेवड्याचा मुलूख. शाळेत आम्ही पर्जन्यमापक बसवला. साधा प्लॅस्टिकचा, वर नरसाळं, आत खुणा केलेली नळी. सकाळी साडेआठला दोन मुलं जायची, नळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, पाण्याचा खालचा बाक बघून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. तारीख, मिलिमीटर, शेरा. शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम ठेवला होता. एका मुलीनं त्यात लिहिलेलं, ‘रात्री दोनला सुरू. ओढा वाजत होता. आई उठून बसली.’ असा शेरा कुठल्या यंत्रात येतो?

एका सप्टेंबरात, उत्तरा लागल्या होत्या, घेवडा काढून रानात पसरलेला. दुपारनंतर ढग शिवारावर येऊन बसला तो हललाच नाही. सकाळी मुलांनी नळी वाचली, ११२ मिलिमीटर. घेवडा जागच्या जागी काळा पडला, शेंगांतून मोड आले. गावकरी अर्ज घेऊन तालुक्याला गेले. तिथं महसूल मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्राची नोंद निघाली ४१. अतिवृष्टी धरायची तर मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाहिजे. म्हणजे अतिवृष्टी झालीच नाही! मी शाळेची वही पुढे केली. समोरचे गृहस्थ म्हणाले, ‘गुरुजी, पोरांच्या वहीवर मदत वाटता येते का?’

मंडळी, मला अजून राग येतो. त्या माणसाचा नाही, तो नियमानं वागला. यंत्रही चुकीचं नव्हतं. केंद्र डोंगराच्या पलीकडं आहे, तिथं खरंच ४१ पडला असेल. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रं बसली, हे चांगलंच झालं. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात आणि ढगाला मंडळाची हद्द कळत नाही. हवा तापली तसा पाऊस आणखी तुकड्यातुकड्यांनी पडायला लागला. मोजायची जाळी मात्र विरळच राहिली. जो पाऊस शेतकऱ्याला बुडवतो तोच नेमका त्या जाळीतून निसटतो.

वही वाया गेली असं मात्र समजू नका. पुढच्या वर्षी मृगात दोन चांगल्या सरी झाल्या आणि लोक तिफणी काढायला लागले. मुलांनी बेरीज फळ्यावर लिहिली, ५२ मिलिमीटर. कृषी खातं सांगतं ७५ ते १०० झाल्याशिवाय पेरू नका. काही जण थांबले, काहींनी पेरलं. मग पावसानं दडी मारली, आणि ज्यांनी पेरलं त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हापासून गावातली मोठी माणसं सकाळी शाळेच्या फळ्यासमोरनं जायला लागली.

याच कोरेगाव तालुक्यात २०१६ साली वॉटर कपची, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवण्याच्या कामांची, पहिली स्पर्धा झाली. किती उत्साहानं लोकांनी चर खोदले! त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण चर भरून फुटणार की नाही हे तासाला किती पाऊस कोसळतो यावर ठरतं, आणि तो आकडा गावाकडं नव्हता. हिवरे बाजारनं हे ओळखलं. तिथं गावात पाऊस मोजतात, पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीत काय घ्यायचं ते ठरवतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पत्रिकेतला विषय आता भरभर सांगतो.

कारणं. कोळसा, डिझेल, पेट्रोल, वायू जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हा अंदाज नाही, मोजणी आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं १९५८ पासून तो सतत मोजतायत, म्हणून जगाला नाकारता आला नाही. त्यात जंगलतोड धरा, गुरं आणि भातखाचरांतला मिथेन धरा. भारताचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे परदेशात ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण आपली बहुतांश वीज आजही कोळशावर होते, हे घरात मान्य करायला हवं.

परिणाम. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते एकदम रितं करते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच पट्ट्यात मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत होती. त्या पट्ट्यात महाराष्ट्र येतो. अरबी समुद्र तापलाय, निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं कोकणानं लागोपाठच्या दोन वर्षांत सोसली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तळीये दरडीखाली गाडलं गेलं. शेतमजूर बायका एप्रिलच्या उन्हात हळद काढतात, कांदा काढतात. त्यांच्याबद्दल वेगळं व्याख्यान द्यायला हवं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

उपाय. कोळसा कमी करणं हे सरकारांचं आणि मोठ्या उद्योगांचं काम आहे. ते आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणावर ढकलू देऊ नका. शेतीपंपांना दिवसा सौर वीज मिळाली तर धूर कमी होतो आणि रात्री विंचवाकाट्यात पाणी धरायला जाणंही टळतं. एका पिकाच्या नादी लागू नका, घेवड्याबरोबर ज्वारी-बाजरी राहू द्या. रानात पाचट-पालापाचोळा जाळू नका, पसरा. आणि विमा, मदत, पंचनामे गावाच्या पावसावर ठरावेत, मंडळाच्या नव्हे. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून वर गेली पाहिजे, आणि ठरावाला रोजच्या नोंदींची वही जोडलेली पाहिजे.

वेळ संपली, तरी बसवायचं कसं ते सांगून थांबतो. मापक उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर. पत्र्याच्या वळचणीला नको, छपरावर नको, तिथं वारा पाणी उडवतो. तोंड सपाट आहे का ते बघा. रोज सकाळी साडेआठलाच वाचा. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. नाहीतर पुढे कुणीतरी विचारणारच, ‘गुरुजी, त्या दिवशी पडला नव्हता की मोजला नव्हता?’ काही मापकं मी टेबलावर आणून ठेवलीत. ज्या शाळांना हवीत त्यांनी नाव लिहून घेऊन जा. प्रश्न असतील तर विचारा.