जात्यावरची ओवी आणि माझी गिटार

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, आजी-आजोबा, काका-काकू आणि मित्रमैत्रिणींनो,

परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी पहिल्यांदा गायले तेव्हा सात वर्षांची होते आणि माझ्यासाठी पेटी वाजवणाऱ्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर स्वतःच्या गाण्याविषयी बोलायचे म्हणजे परीक्षाच आहे. मी गीत लिहिते, त्याला चाल लावते आणि गिटारवर गाते; इथल्या भाषेत सिंगर-साँगरायटर. हा शब्द आणि त्यामागची कल्पना दोन्ही इथलीच आहेत, असे मी कितीतरी वर्षे मानत होते. ती समजूत कशी बदलली, तेच आज सांगणार आहे.

चौदाव्या वर्षी गिटार हातात आली. शाळेतली मुले ऐकायची ती गाणी मी ऐकत होते, त्यांच्याच चाली मनात घोळत होत्या, आणि पंधराव्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी एका इंग्रजी गाण्याच्या चालीवर मी मराठी शब्द बसवले. टाळ्या पडल्या. माझ्या गाण्याच्या बाईंनी मात्र मला बाजूला बसवून शार्ङ्गदेवाविषयी सांगितले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या या पंडिताने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात शब्दांना ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे, आणि जो दोन्ही स्वतः रचतो तो ‘वाग्गेयकार’. ज्याची चाल उत्तम पण शब्द दुबळे, तो मध्यम ठरतो; आणि दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवणाऱ्याला त्याने ‘कुट्टिकार’ असे वेगळेच नाव दिले आहे. माझ्या त्या गाण्याला सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच नाव मिळाले होते, तेही आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून काही मैलांवर. बाई रागावल्या नव्हत्या. “आता पुढची पायरी चढ,” एवढेच त्या म्हणाल्या.

पुढची पायरी सोपी नव्हती. विसाव्या वर्षापर्यंत मी लिहिलेली मराठी गीते वाचली की ती आधी इंग्रजीत सुचली आहेत हे कुणालाही कळले असते. “पाऊस माझे नाव जाणतो” असे मी लिहीत होते. मराठी माणूस पावसाविषयी असे बोलत नाही. त्याला पाऊस लागतो, झोडपतो, पाऊस दडी मारतो. क्रियापदे माझ्याजवळ होती, पण ती गाण्यात आणायचे धाडस नव्हते, कारण ती मला घरगुती वाटत.

ते धाडस आजीकडून मिळाले. माझी आजी मुळशी तालुक्यातल्या एका डोंगरी गावातली. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत ती पहाटे उठून दळत असे. एका सुट्टीत मी तिला जात्यावरचे गाणे म्हणायला सांगितले, तेव्हा तिने हात हवेतच खुंटा धरल्यासारखा फिरवायला सुरुवात केली, कारण हात फिरल्याशिवाय तिला ओवी आठवत नव्हती. भावाची, माहेराची, पंढरीची अशा ओव्या एकामागून एक आल्या आणि मध्येच एक ओवी माझ्यावर आली, विमानाने येणाऱ्या नातीवर. ती तिला कुणी शिकवली नव्हती. जुन्या चालीत तिने ती तिथल्या तिथे रचली होती.

मुळशी-मावळच्या याच डोंगरपट्ट्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी ओव्या जमवायला सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. त्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर रचणाऱ्या-गाणाऱ्या बायांच्या नावानिशी वाचता येतात आणि त्यांतल्या अनेक ऐकताही येतात. नाव असणे मला फार महत्त्वाचे वाटते. अभंगाच्या शेवटी तुकोबा ‘तुका म्हणे’ म्हणतात, तेव्हा शब्द कुणाचे हे गाणारा प्रत्येक जण उच्चारतो; जात्यावरच्या बाईला ते भाग्य क्वचितच लाभले.

आजीच्या ओव्यांनी मला काव्यातल्या छंदाकडे वळवले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव ज्यूलियनांनी, छंद आणि वृत्त यांतला जो भेद मांडला, तो मला गिटार वाजवताना कळला. वृत्तात लघु-गुरूचा क्रम ठरलेला असतो. ओवी-अभंगाच्या छंदात अक्षरे मोजायची आणि प्रत्येक अक्षर दीर्घ उच्चारायचे. इंग्रजी शब्दात एका ठिकाणी जोर पडतो आणि बाकीचा शब्द त्यामागे ओढला जातो. मराठीत तसे केले की शब्द मोडतो, आणि माझ्या सुरुवातीच्या गाण्यांत तो मोडतच होता. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. आठ मात्रांच्या ठेक्यात सहा अक्षरे घातली की उरलेली जागा गाणाऱ्याने ओढून किंवा थांबून भरायची. ती मोकळी जागा हीच चालीची जन्मभूमी आहे, असे माझे मत झाले आहे. अलीकडच्या एका गीतात मी आठ-आठ अक्षरांच्या ओळी घेतल्या:

ओल्या छत्रीखाली माझी
आई उभी थांब्यावर

इथल्या बसथांब्यावर, नोव्हेंबरच्या अंधारात, मला शाळेतून न्यायला आलेली माझी आई या ओळींत आहे. हे गीत इंग्रजीत सुचले नाही. गिटारवर मी फक्त दोनच कॉर्ड ठेवले, कारण तिसरा आला की ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दांवरून उडत होते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आईने दोन शब्द दुरुस्त केले. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळा आहे, आणि माझ्या तोंडून दोन्ही सारखेच येत होते. अशी चूक बोलताना खपून जाते. संथ चालीत मात्र तीच पहिल्यांदा ऐकू येते.

व्यवहाराची बाजूही तरुण मुलामुलींसाठी सांगायला हवी. पहिल्या गाण्याच्या करारात एका निर्मात्याने गीत आणि चाल या दोन्हींचे मानधन एकदाच देऊन विषय संपवायचे कलम घातले होते आणि मी वाचल्याशिवाय सही केली. भारतात 2012च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, हे मला नंतर समजले. स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला वर्षभरात किमान 1000 वेळा ऐकले गेल्याशिवाय काहीच मिळत नाही. 2024पासून तसा नियम आहे. मराठीत स्वतःची गीते गाणाऱ्या नवख्या मुलीला हा आकडा मोठा असतो, आणि माझ्या दोन गाण्यांनी तो ओलांडला त्यात या सभागृहातल्या माणसांचा वाटा आहे. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

आता एक विनंती आहे. या वर्षी मी आठ गीतांचा संग्रह पुरा करते आहे आणि त्यातल्या एका गीताला आजीच्या चालीतली ओवी हवी आहे. आजी गेल्या वर्षी गेली आणि तिच्या ओव्या मी पुरेशा ध्वनिमुद्रित केल्या नाहीत. ज्या आज्यांना, काकूंना, मावशींना जात्यावरची, पाळण्याची किंवा भोंडल्याची एखादी ओळ आठवत असेल, त्यांनी जेवणानंतर शेजारच्या खोलीत यावे. पेटी तिथे ठेवली आहे आणि ध्वनिमुद्रक सुरू असेल. ओवी अर्धवट आठवत असली तरी चालेल. फक्त ती तुम्हाला कुणी शिकवली, त्या बाईचे नाव आधी सांगा.