शंभराव्या फ्रेमनंतर

(काळा पडदा. तांब्यावर पडणारे ठोके. हळूहळू चित्र उजळतं.)

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. गल्लीत शिरण्याआधीच ती कानावर येते. पेशवाईपासून इथं तांबं ठोकलं जातंय. हंडा घडवून झाला की त्यावर मठारकाम होतं. हातोडीच्या मोजक्या ठोक्यांनी बारीक खळ्या पाडायच्या, एकीला लागून दुसरी, ओळीनं. त्यानं भांड्याला झळाळी येते आणि पत्राही कडक होतो.

एका दुपारी इथल्या एका काकांचं काम आम्ही शूट केलं. त्यातला एक शॉट माझ्या फार जिवाचा. हंड्यावर वाकलेले काका, खिडकीतून आलेला उजेड, वर गेलेली हातोडी... आणि तिथंच शॉट संपतो. कॅमेरा मीच घाईनं बंद केला होता. शॉट चार सेकंदांचा, त्यावरचं निवेदन सहा सेकंदांचं.

शॉट कमी पडणं एडिटरला नवं नाही. तो संथ करायचा, शेवटची फ्रेम थिजवायची, नाहीतर दुसरा शॉट टाकून वेळ भरून काढायची. मूकपटांच्या बाबतीत तर एक जुनी युक्ती होती. ते बरेचदा सेकंदाला सोळा फ्रेमच्या आसपास घेतलेले असत. बोलपटाच्या चोवीसच्या वेगानं लावले की माणसं पळत सुटायची. म्हणून नवी प्रिंट काढताना दर दुसरी फ्रेम दोनदा छापत. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, १९६० साली तिच्याच स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ साली चित्रपट संग्रहालय सुरू झालं. फिल्म हातात धरून, फ्रेम मोजून काम करणारं हे शहर. त्या युक्तीनं लांबी वाढायची, पण वाढलेली प्रत्येक फ्रेम कधीतरी कॅमेऱ्यासमोर घडलेली असायची.

आता शॉट वाढवून देणारं एआयचं टूल मिळतं. ते फ्रेम पुन्हा छापत नाही, नवी काढतं. क्लिपच्या शेवटच्या काही फ्रेम ते घेतं. पुढच्या फ्रेमच्या जागी सुरुवातीला नुसता ठिपक्यांचा कल्लोळ असतो, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसा. तो टप्प्याटप्प्यानं निवळत जातो आणि चित्र उमटतं. उजेड कुठून येतोय, हात कुठं निघालाय, कॅमेरा स्थिर आहे की सरकतोय, हे सगळं आधीच्या फ्रेमशी जुळवलं जातं. ही जाण त्याला शिकताना वापरलेल्या असंख्य व्हिडिओंमधून आलेली. काकांनी त्या दुपारी पुढं काय केलं, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. वर गेलेली हातोडी बहुतेक वेळा खाली येते, एवढं मात्र ठाऊक आहे.

अॅडोबीनं एप्रिल २०२५ मध्ये प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय सर्वांसाठी खुली केली. व्हिडिओ दोन सेकंदांपर्यंत वाढतो, आसपासचा आवाज दहा सेकंदांपर्यंत. बोलणं आणि संगीत मात्र वाढवता येत नाही. ही मर्यादा मला मनापासून पटते. कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द घालणं ही फार गंभीर गोष्ट आहे.

आम्ही तो शॉट वेगळ्याच एका टूलला दिला. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे आमच्या शंभर. त्यात टूलनं पन्नास घातल्या.

(पडद्यावर वाढवलेला शॉट, पूर्ण वेगात.)

पहिल्यांदा पाहताना मला सांधा सापडलाच नाही. हातोडी खाली आली, उजेड जागच्या जागी, बाहीची सुरकुतीसुद्धा बरोबर हलली. मी हरखून गेलो.

मग लॅपटॉप घेऊन तांबट आळीत गेलो. काकांनी चष्मा पुसला, एकदा पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं.

"अहो, भांडं फिरवलंच नाही की! एका जागी दोनदा ठोकलं तर पत्रा पातळ होईल."

(क्लोजअप. डावा हात. फ्रेम एकेक करून पुढे.)

हा डावा हात पाहा. खऱ्या शंभर फ्रेममध्ये दर ठोक्यानंतर तो हंडा एक बोटभर फिरवतो. म्हणून खळी खळीशेजारी बसते. एकशे एकाव्या फ्रेमपासून हा हात नुसता टेकलेला आहे. टूलनं ठोका बरोबर ओळखला, काम ओळखलं नाही. हा शॉट पाहून पुढं कुणी मठारकाम शिकायला बसलं असतं, तर चुकीचं शिकलं असतं.

याच फिल्ममधला एका वाड्याच्या दरवाजाचा शॉट मात्र आम्ही टूलनंच वाढवला. स्थिर कॅमेरा, बंद दार, दीड सेकंद हवा होता. तिथं काम चोख झालं, आणि ते वापरताना मनाला खटकलं नाही. अशा फाइलला एआय वापरल्याची डिजिटल खूण जोडता येते. पण ती फॉरवर्ड होता होता अनेकदा गळून पडते. म्हणून आम्ही एडिट टेबलवर साधी वही ठेवली आहे. शॉटचं नाव, शेवटच्या खऱ्या फ्रेमचा नंबर, किती वाढवलं, कुणी वाढवलं. दरवाजाच्या शॉटवर पडद्याच्या कोपऱ्यातही तसं लिहिलंय.

काकांचा शॉट चार सेकंदांचाच राहिला. निवेदनाची एक ओळ मी कापली. हातोडी वर असताना पडदा काळा होतो आणि ठोका फक्त ऐकू येतो. तो त्याच दुपारचा आहे. आवाजाचं रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं.

(ठोका. थोडी शांतता. हंडा फिरल्याचा आवाज. पुन्हा ठोका.)