राणीची तलवार, सावित्रीची पिशवी

८ मार्च, संध्याकाळचे सात वाजून गेलेत, सोसायटीच्या हॉलमधे सेफ्टी पिनांची मारामारी चालू आहे. थीम आहे इतिहासातल्या स्त्रिया. वेशभूषा करून यायचं, दोन मिनिटं बोलायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून नाचायचं. असे कार्यक्रम आपल्याकडे जानेवारीपासूनच सुरू होतात, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती म्हणजे बालिका दिन, १२ ला जिजाऊंची, मग हा महिला दिन, मग पाडव्याच्या शोभायात्रा, ३१ मेला अहिल्याबाई आणि श्रावणात मंगळागौर आहेच. भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानांना बरे दिवस आहेत.

सगळ्यात जास्त डिमांड अर्थातच झाशीच्या राणीला. आज तीन राण्या आल्यात, तिघींच्या तलवारींना चंदेरी कागद आणि तिघींच्या पाठीवर ओढणीने बांधलेली बाहुली. आता खरं सांगायचं तर १८५८ मधे दामोदरराव आठ वर्षांचा होता, चांगला मोठा मुलगा, पण आठ वर्षांचं पोरगं पाठीला बांधून स्टेजवर कोण चढणार, त्यामुळे बाहुलीच चालते आणि टाळ्याही तिलाच पडतात.

ही चिमुरडी बघा. कपाळाला मोठ्ठं कुंकू, हातात पाटी, खांद्याला कापडी पिशवी. तिच्या मैत्रिणी विंगेतून चुरगळलेल्या खाकी कागदाचे गोळे मारतायत, ते शेण. एक गोळा परीक्षक बाईंच्या चहाजवळ पडला. मग सावित्री पिशवीतून दुसरी साडी काढते आणि सांगते की मी रोज शाळेत जाताना ही बरोबर नेते. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या, हे मला तरी या पोरीकडे बघताना पहिल्यांदा नीट कळलं, कारण फोटोतल्या सावित्रीबाई आपल्याला कायम मोठ्या बाईच वाटतात.

मग येतात आनंदीबाई जोशी. नऊवारीवर पांढरा अ‍ॅप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप. आनंदीबाईंच्या खऱ्या कपड्यांचा तर पुरावाच आहे, फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजातला १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो, तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसलेल्या, जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची सबत इस्लामबूली तिच्याकडच्या पोशाखात आणि आपल्या आनंदीबाई साडीत. पण ती साडी नऊवारी नव्हे बरं का, तिकडच्या थंडीत पाय उघडे राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली होती. आणि अ‍ॅप्रनचं म्हणाल तर १८८६ ला डिग्री मिळाली, फेब्रुवारी १८८७ मधे त्या गेल्या, बाविशीही पूर्ण झाली नव्हती. इथे दवाखाना चालवायला मिळालाच नाही बिचारीला.

तोच अ‍ॅप्रन घालून रखमाबाई कोणी का होत नाही? लहानपणी लावलेलं लग्न मला मान्य नाही, नांदायला जाणार नाही म्हणून कोर्टात उभी राहिलेली ही मुंबईची मुलगी. १८८७ मधे कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, तर ही म्हणाली तुरुंगात जाते. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला कितीतरी वर्षं नोकरी केली. अजून काय पाहिजे हो? पण कोर्टाच्या केसचा ड्रेस भाड्याने मिळत नाही, खरी गोम इथेच आहे. ताराबाई शिंदेंचंही तेच, जिजाऊंच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या, १८८२ मधे स्त्रीपुरुषतुलना लिहून त्यांनी पुरुषांची अशी काही सालं काढली की आजही वाचताना मजा येते, पण साधी साडी आणि हातात वही घेऊन स्टेजवर आलं की पब्लिक विचारतं, या कोण? तलवार, पिंड, पाटी, स्टेथोस्कोप यातलं काहीतरी हातात असेल तरच आपण बाईला ओळखतो. त्यात अहिल्याबाईंचा नंबर लागतो तो हातातल्या पिंडीमुळे, आणि आज तर त्यांच्या पांढऱ्या साडीलासुद्धा जरीचा काठ लागलाय, फोटोत उठून दिसावं म्हणून. चालायचंच.

निकाल अपेक्षेप्रमाणे, पहिला नंबर राणीला, दुसरा सावित्रीला. सावित्रीची आजी नाराज आहे आणि माझं मत विचाराल तर आजीचं बरोबर आहे.

पण भाषणं संपली की हॉलचा मूडच बदलतो. तलवारी खुर्चीखाली जातात, बाहुल्या नवऱ्यांच्या हातात, स्पीकरवर झिम्म्याचं गाणं लागतं आणि मघाशी हात थरथरत होता म्हणून चिठ्ठी वाचता येत नव्हती त्या जिजाऊ काकू पदर खोचून अशी काही फुगडी घालतात की आनंदीबाईंना धाप लागते. पिंगा होतो, कोंबडा होतो, लाट्या घेऊन नाच होतो. शिवलेल्या नऊवारीचा हाच फायदा, काही सुटत नाही. दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे आणि आता नऊ चाळीस झालेत, त्यामुळे चहा आलाय हे सेक्रेटरी काका दोनदा सांगून गेले तरी कोणी ऐकत नाहीये.